आम्रपालीसोबत आत कोण जाणार

भिलाईतल्या खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत बातमी पसरायला मोबाईल लागत नाही. जो धम्मपाल लग्नानंतर कधी भाजीच्या ठेल्यासमोर उभा राहिला नव्हता, तो एका संध्याकाळी ड्युटीवरून येताना चिंचा निवडताना दिसला. निवडताना म्हणजे एकेक चिंच उजेडात धरून. झालं! तो घरी पोचायच्या आत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की आम्रपालीला दिवस गेले आहेत. सगळ्यांना कळलंय हे कळायची बिचारी आम्रपालीच काय ती उरली होती. ती म्हणे अजून सासूला कसं सांगावं याचा विचार करत होती.

आम्रपाली मूळची तुमसरची. बी.कॉम. झालेली, लग्नानंतर जामुलच्या एका सिमेंटवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय, आणि बोलताना अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत. नवरा धम्मपाल स्टील प्लांटच्या मिलमध्ये ऑपरेटर. सासू शेवंताबाई म्हणजे आमच्या गल्लीचा लाऊडस्पीकर, पण मनाची बरी. सुनेला दिवस गेल्याचं कळताच तिनं पहिलं काम काय केलं, तर सुनेच्या हातातली बादली हिसकावून घेतली आणि दुसरं काम म्हणून ती बादली धम्मपालच्या हातात दिली.

आता आपल्या लोकांत पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे जी भेटेल ती बाई आम्रपालीला एकच विचारायची, "मंग? कदी जाऊन राहिली तुमसरले?"

आम्रपाली म्हणायची, "पाहू न." आणि तोंडावर हात ठेवायची. हसू आलेलं नसतानाही.

कारण माहेर होतं, पण माय नव्हती. लग्नाच्या आदल्या वर्षीच ती गेली. घरात उरले वडील शेषराव आणि धाकटा भाऊ राजदीप, आणि त्या दोघांना मिळून एक भाजी येत होती, तीही बटाट्याची. शेषरावांनी फोन केला होता. "ये बेटा. मी हावो ना." टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की उठून अंगणात जाणारा तो माणूस! आम्रपाली फोन ठेवून आधी पोट धरून हसली, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडली.

तिला भीती दुखण्याची नव्हती. म्हणजे होतीच, पण ती सगळ्यांनाच असते. तिची भीती वेगळी होती. तिच्या चुलतबहिणीच्या बाळंतपणाला ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती आणि आतून बहीण हाका मारत होती, आधी आईच्या नावानं, मग नवऱ्याच्या, मग नुसतंच "कोनी हाय का" म्हणून. व्हरांड्यात घरची सगळी माणसं बसलेली, आणि आत एक नाही. ती हाक आम्रपालीच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. आपल्यावर ती वेळ आली तर आत आपलं माणूस कोण असणार, एवढाच तिचा प्रश्न होता. जिला माय आहे, तिला हा प्रश्न पडत नाही.

म्हणून ती क्लास शोधायला लागली. बाळंतपणाची तयारी करून घेणारे क्लास असतात, हे तिला ऑफिसातल्या समीक्षानं सांगितलं होतं. शेवंताबाईंनी ऐकलं आणि ओट्यावर बसून जाहीरच केलं, "श्वास घ्याचा क्लास! बाप्पा बाप्पा! उद्या झोपाचा काढतीन. थो तर आमचा धम्मपालच शिकवते फुकटात."

पहिला पाहिला तो मोबाईलवरचा. पुण्याच्या एक बाई होत्या, आवाज असा की दुधावरची साय. मराठी इतकं शुद्ध की आम्रपाली दोनदा थांबवून ऐकायची. पहाटे उठून कोणते श्लोक ऐकायचे ते बाईंनी सांगितलं तेव्हा शेवंताबाई मागून म्हणाल्या, "आपल्या घरी वंदना होते ना रोज, पोटातल्याले थेच आयकू येते. हे अजून कोनचं?" तेही चाललं असतं. पण मग बाई म्हणाल्या, "आता माहेरी विसावलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आईच्या कुशीत शिरून..." आम्रपालीनं मोबाईल पालथा ठेवला. पुन्हा तो क्लास लावला नाही.

दुसरी अंगणवाडीतली बैठक. मितानीन दीदी, म्हणजे इकडची आशाताई, चांगली होती, जीव लावून सांगायची. पण तिथे आमची सगळी गल्ली येऊन बसायची, काही जणी तर नातवंडं असलेल्या. आणि आमच्या गल्लीत प्रश्न विचारला की उत्तर मिळायच्या आत तो पॉवर हाऊसच्या बाजारात पोचलेला असतो. आम्रपालीनं तोंड उघडलंच नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आली.

तिसरा नेहरू नगरचा. काचेचा दरवाजा, आत एसी, रंगीत रबराचे मोठाले गोळे, आणि त्या गोळ्यांवर डुगडुगत बसलेल्या बायका. ऐश्वर्या मॅडम हिंदीत बोलता बोलता इंग्रजीत शिरायच्या आणि बराच वेळ बाहेरच यायच्या नाहीत. आम्रपाली गोळ्यावर बसली, तोल गेला, आणि तिनं धरायला हात टाकला तो शेजारणीच्या आईच्या खांद्यावर. त्या आईनं हसून सावरलं. "आपकी मम्मी नहीं आयी?" असं सहज विचारलं. एवढंच. घरी आल्यावर धम्मपालनं विचारलं, "कैसा था?" तर म्हणाली, "गोला बहुत बडा था."

आणि मग दुर्गच्या मोहन नगरातल्या मनकर्णाबाई. या रिटायर झालेल्या स्टाफ नर्स. घरातल्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि शिकवायच्या. आम्रपाली दारात चप्पल काढत होती तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुह्यासोबत आत कोन येनार हाय?"

नाव नाही, गाव नाही, कितवा महिना नाही. पहिला प्रश्न हाच.

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. आम्रपालीनं मागे उभ्या असलेल्या धम्मपालकडे पाहिलं. तो नाईट करून आला होता, डोळे लाल, उभ्या उभ्या पेंगत होता. तरी म्हणाला, "मी येईन न."

"मंग दर वेळी तूच याचं. एक दिवस तू, एक दिवस शेजारीन, असं इथं चालत नाई. जो आत जानार थोच शिकनार."

क्लास ठरला.

पुढचे काही आठवडे आमच्या गल्लीचे मोठे सुखाचे गेले. धम्मपालनं शिफ्टा बदलून घेतल्या, लोकांच्या नाईट स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि क्लास एकही चुकवला नाही. आता नाईट करून आलेल्या माणसाला सतरंजीवर आडवं करून "डोळे मिटा, अंग सैल सोडा" म्हटलं तर तो काय करणार? घोरला. असा घोरला की बाकीच्या गरोदर बायकांची पोटं हसून हलली. पण जागा असायचा तेव्हा मन लावून शिकायचा. कळ आली की कमरेच्या खाली तळहातानं कसं दाबायचं, श्वास कसा लांबवायचा, कधी गप्प बसायचं. संध्याकाळी ओट्यावर आम्रपालीला भिंतीकडे तोंड करून उभी करायचा आणि सराव करायचा. येणारेजाणारे विचारायचे, "काय रे, मशीन चालू नाई होऊन राहिली का?" तर म्हणायचा, "मेंटेनन्स चालू हाय काका." शेवंताबाई लाजेनं घरात पळायच्या आणि खिडकीतून पाहायच्या.

मनकर्णाबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की आपापल्या दवाखान्यात विचारून या, आत कोणाला सोडतात. पुढच्या वेळी त्यांनी एकेकाला विचारलं. धम्मपालची पाळी आली तेव्हा त्यानं गळ्यातला पास उचलून दाखवला. "मॅडम, प्लांटवाला हावो. दवाखाना ओळखीचा हाय."

त्याला दोष तरी कसा द्यावा! भिलाईत हा पास गळ्यात असला की सोयरीक जुळते, बँकेतला बाबू खुर्ची देतो, किराणावाला हसतो. प्लांटच्या बोरिया गेटवरचा जवान जिथं अडवत नाही, तिथं दुसरं कोण अडवणार? रोज पास दाखवून आत जाणारा माणूस. सगळ्या जगाला एकच गेट असतं असं त्याला वाटलं, आणि त्यानं विचारलंच नाही.

नववा लागला. तपासणीला गेले तेव्हा आम्रपालीनंच सिस्टरला विचारलं, "सिस्टर, अंदर ये आ सकते हैं ना मेरे साथ?"

सिस्टर वर न बघता म्हणाली, "जेन्ट्स नहीं. एक लेडीज आयेगी. ऐसी, जिसकी खुद की डिलिवरी हो चुकी हो."

धम्मपाल पुढे झाला. "मॅडम, मैंने क्लास किया है. पूरी ट्रेनिंग है मेरी."

"अच्छी बात है भैया. बाहर बैठके साँस लीजियेगा."

"मैं प्लांट का आदमी हूँ." आणि पास पुढे केला.

आता सिस्टरनं वर पाहिलं. ती रागावली नाही. म्हणाली, "भैया, ये प्लांट नहीं है. अंदर और भी औरतें रहती हैं, कपडे-लत्ते का होश नहीं रहता. आपकी बहन अंदर हो तो किसी और का आदमी आने देंगे आप?"

धम्मपालनं पास पुन्हा शर्टाच्या आत घातला. परतीच्या ऑटोत खुर्सीपारचं वळण आलं तेव्हा आम्रपाली म्हणाली, "समीक्षाची तर डिलिवरी झाली नाई." म्हणजे वाटभर ती मनात एकेक बाई उभी करून पाहत होती.

बाई तर घरातच होती. रात्रीच्या जेवणाला धम्मपालनं आईपाशी विषय काढला. "आई, तुले जा लागंन आत हिच्यासंग. मी शिकवतो सगळं."

शेवंताबाईंचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, "नाई."

"कावून?"

"नाई म्हटलं ना."

पाव्हण्याला पाणी द्यायचं तरी ज्या बाईला चार वाक्यं लागतात, तिनं एका शब्दात विषय संपवला. ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन घासत बसली. धम्मपाल चिडला, बरंच बोलला. तुले सून जड झाली का, असंही बोलून गेला. आम्रपालीनं त्याचा हात दाबला, पण जे तोंडातून निघालं ते निघालं.

दुसऱ्या दिवशी थंडीची कोवळी उन्हं ओट्यावर आली होती. शेवंताबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्रपाली हळूच शेजारी टेकली आणि तीही सोलायला लागली.

मग शेवंताबाई शेंगांकडेच पाहत म्हणाल्या, "तू मले जड नाई व पोरी."

"मले मालूम आहे, आई."

"धम्मपालच्या वक्ती मलेबी माहेरी जाचं होतं. पेटी भरून ठेवली होती. पन पोट्टं लवकर आलं. तुह्या सासऱ्याची ड्युटी, माही माय तिकडं पवनीले. एकटीच होती मी आत. वरडली तर थे बाई म्हने, चूप, तुलेच काय पहिलं लेकरू होऊन राहिलं? तोंडात पदर कोंबाले लावला." त्यांनी एक शेंग मोडली आणि दाणे काढायचे विसरल्या. "तवापासून दवाखान्याच्या वासानंच माहे हातपाय गळतेत. शेजारच्या पोरीच्या डिलिवरीले गेली होती ना मी, आत होती म्हनून सांगतलं ना साऱ्याइले? गेटवरूनच वापस आली होती. पुलाखाली बसून राहिली संध्याकाळपर्यंत."

कोणाच्या डाळीत मीठ जास्त पडलं हे आमच्या गल्लीला भिंतीपलीकडून कळतं. हे मात्र इतक्या वर्षांत कोणालाच कळलं नव्हतं. उलट त्या बाळंतपणाच्या गोष्टी शेवंताबाईंच्या तोंडून आम्ही सगळ्यांनी चहासोबत ऐकल्या होत्या.

आम्रपालीनं आग्रह केला नाही. तिच्या जागी दुसरी असती तर रडली असती, पाया पडली असती. ती म्हणाली, "आत नका येऊ मंग. पन माह्यासंग क्लासले चला. यांची फर्स्ट शिफ्ट आहे, मी अकेली कशी जाऊ?"

एवढ्याला नाही म्हणणं जड होतं, आणि खरं सांगायचं तर मोहन नगरला काय चालतं ते पाहायची शेवंताबाईंना पहिल्या दिवसापासून हौस होती. ठेवणीतली साडी नेसल्या आणि ऑटोत अशा बसल्या की वरातीत वरमाय.

धम्मपालला आत सोडणार नाहीत, हे आम्रपालीनं दारातच सांगितलं. मनकर्णाबाई त्या दिवशी बर्फाचा सराव घेत होत्या. गरोदर बाईनं मुठीत बर्फ घट्ट धरायचा, आणि हात जळायला लागला की सोबतच्या माणसानं तिला बोलून, श्वास मोजून, तेवढा वेळ पार करून न्यायचं. कळ कशी येते आणि कशी जाते, त्याची ही रंगीत तालीम. आम्रपालीनं हात पुढे केला. मनकर्णाबाईंनी एकदा शेवंताबाईंकडे नीट पाहिलं. आणि बर्फ त्यांच्या हातात ठेवला.

"आँ? मले कायले? लेकरू तिले होनार हाय!"

"धरा तर खरं ताई. पोरगी बोलंन तुमच्याशी."

पहिल्यांदा शेवंताबाई हसल्या. मग हसू गेलं. मग म्हणाल्या, "बाई, हे सोडू का? हात तुटून राहिला माहा. काय येडेपना लावला." आम्रपाली समोर मांडी घालून बसली होती, पोट मांडीवर आलेलं. तिनं सासूचा दुसरा हात धरला. "आई, माह्याकडे पाहा. लंबा श्वास. सोडा, हळू. मी आहे ना. अजून एक. वरडा, वरडायचं तर. इथं कोनी चूप नाई म्हणत."

शेवंताबाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं, आणि बर्फ कधीच वितळून गेला तरी मूठ उघडेना. मनकर्णाबाईंनी पंचा पुढे केला, आणि कोणालाच काही न विचारता दुसऱ्या जोडीकडे वळल्या.

परत येताना शेवंताबाई म्हणाल्या, "फालतू क्लास हाय." पण त्या आठवड्यात धम्मपालनं फ्रिज उघडला तेव्हा बर्फाचा ट्रे रिकामा होता, एकदा नाही, रोजच. कमरेच्या खाली कुठं दाबायचं ते शेवंताबाईंनी त्याला चारचौघांत विचारलं, तेही असं की जणू शेजारणीच्या सायटिकासाठी विचारतायत. "मी येईन" हे मात्र त्यांनी म्हटलं नाही, आणि आम्रपालीनं विचारलं नाही. तिला रोज विचारावंसं वाटायचं. रोज ती गिळायची.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. धम्मपाल फर्स्ट शिफ्ट सोडून धावत आला. दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. आतल्या दारापाशी सिस्टर आली. "साथ में कौन आ रहा है? जल्दी."

आम्रपालीनं मान वळवली नाही. मान वळवली आणि मागे कोणी नसलं तर, ही भीती. शेवंताबाई दाराच्या अलीकडे उभ्या होत्या. फिनाईलचा आणि औषधांचा तो वास आला होता, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. धम्मपालनं तोंड उघडलं. "आई..."

"तू चूप बस रे." त्यांनी पदर कमरेला खोचला. दोन पावलं टाकून त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "चाल व. मले भेव लागतेच. तुलेबी लागतेच. दोघी मिळून भेऊ."

आत काय झालं ते शेवंताबाईंनी पुढे महिनाभर सांगितलं, आणि या वेळी खरं सांगितलं, कारण आम्रपाली बाजूलाच बसून हसत असायची. क्लासमधलं त्या सगळं विसरल्या. श्वास मोजायला घेतला तर आकड्यांचा गोंधळ झाला. मग त्यांनी जे येत होतं ते केलं, म्हणजे गल्लीच्या गोष्टी सांगितल्या. कोणाची सून कोणावर रुसली, चिंचा निवडताना धम्मपाल कसा दिसत होता, रिटायर झालेले कोणते काका केस काळे करायला लागले आणि उशीला डाग पडून पकडले गेले. कळ आली की कंबर दाबायची, गेली की गोष्ट पुढे. आम्रपाली मध्येच हसायची आणि मध्येच किंचाळायची. एकदा ती जोरात ओरडली तेव्हा पलीकडून कोणीतरी म्हणालं, "धीरे, धीरे, चिल्लाना नहीं." शेवंताबाई गर्रकन वळल्या. "चिल्लायेगी! मैं भी चिल्लाऊँगी साथ में!" आणि खरोखरच ओरडल्या. बाहेर व्हरांड्यात धम्मपालनं दोन आवाज ऐकले आणि त्याला वाटलं जुळं झालं.

दुपार कलायच्या आत मुलगी झाली. आम्रपालीच्या छातीवर ठेवली तेव्हा ती पोरगी मूठ आवळून रागानं रडत होती, आजीवर गेलेली.

सिस्टर हातमोजे काढत म्हणाली, "माताजी, अब आप बाहर जाके बता दो. आपका लडका तीन बार दरवाजा खटखटा चुका है."

शेवंताबाईंनी खाली पाहिलं. आम्रपालीचे डोळे मिटत आले होते. एक हात लेकीच्या पाठीवर होता, आणि दुसऱ्या हातात सासूची बोटं अजून घट्ट होती, नखं रुतलेली.

"राहू दे त्याले उभं," शेवंताबाई म्हणाल्या. "हिनं हात सोडला का मंग जाईन."